चित्रपट कसाही निघो, संध्याकाळ फुकट जाऊ नये म्हणून

चित्रपट संपला की पहिला प्रश्न ठरलेला: "कसा होता?" उत्तरंही ठरलेली. भारी. बकवास. एकदा बघायला हरकत नाही. दोन-अडीच तास शेकडो माणसांचं काम डोळ्यांसमोरून सरकलेलं असतं आणि त्याचा निकाल आपण जिना उतरता उतरता एका शब्दात लावून मोकळे होतो.

निकाल लावायला माझी ना नाही. पण तो चित्रपट चालू असतानाच लावायची सवय जडली की पंचाईत होते. विसाव्या मिनिटाला "हा गेला कामातून" असं मनाने घेतलं की उरलेला वेळ आपण फक्त त्याचे पुरावे गोळा करत बसतो. उलट, "महान कलाकृती आहे" असं ऐकून गेलो की कंटाळा आला तरी स्वतःशीसुद्धा कबूल करत नाही. दोन्ही वेळा बघायचं राहूनच जातं.

खाली जी रीत सांगणार आहे तिच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. चित्रपट एका माणसाने केलेला नसतो, त्यामुळे तो सगळाच्या सगळा चांगला किंवा सगळाच्या सगळा वाईट क्वचित निघतो. कथा एकाची, संवाद दुसऱ्याचे, कॅमेरा तिसऱ्याच्या हातात, आणि हे सगळं कापून जोडणारा संकलक चौथाच. म्हणून "चित्रपट कसा आहे" हा प्रश्न थोडा वेळ खुंटीला टांगायचा आणि "इथे कोण काय करू बघतंय" हे पाहत राहायचं.

१९५९ सालचा 'कागज के फूल' तिकीटबारीवर साफ आपटला. त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून आपलं नाव कुठल्याही चित्रपटाला दिलं नाही. पण त्याच चित्रपटात छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी आरशांनी सूर्यप्रकाश वळवून स्टुडिओत जो झोत उतरवला, त्याबद्दल लोक आजही बोलतात, आणि छायाचित्रणाचा फिल्मफेअर पुरस्कारही त्यांना मिळाला. आता उलटं उदाहरण घ्या. १९७५ च्या 'शोले'ने तिकीटबारीवर इतिहास घडवला, पण फिल्मफेअरच्या मंचावर त्याला त्या वर्षी एकच पुरस्कार मिळाला: संकलनाचा, एम. एस. शिंदे यांना. तिकीटबारीचं म्हणणं वेगळं, परीक्षकांचं वेगळं, आणि काम करणाऱ्याचं काम तिसरीकडेच. तेव्हा आपणही कामं सुटी सुटी करून बघायला काय हरकत आहे?

आधी: चित्रपटाने कबूल काय केलंय?

प्रत्येक चित्रपट पोस्टरपासूनच काहीतरी कबूल करत असतो. भयपट म्हणतो, दचकवीन. रहस्यपट म्हणतो, शेवटपर्यंत चकवीन. मारधाडपट म्हणतो, डोकं बाजूला ठेव, अंगावर काटा आणतो. बघायला बसण्याआधी ही कबुली एका वाक्यात मनाशी मांडा. पुढचे दोन तास चित्रपटाला त्याच मापाने मोजायचं, आपल्या आवडीच्या मापाने नाही. गाण्यांनी भरलेल्या प्रेमकथेत वास्तव शोधायला गेलात तर दोष चित्रपटाचा नाही.

माहिती किती घ्यायची? प्रकार, लांबी, वर्ष आणि दिग्दर्शकाचं नाव. बस. ट्रेलर शक्यतो टाळा. विनोदी चित्रपटातले सगळ्यात चांगले विनोद बहुतेक वेळा तिथेच खर्च झालेले असतात. आणि तारे, टक्के, गुण हे सगळं नंतरसाठी ठेवा. त्या त्या वेळच्या निकालांवर फार विसंबण्यात अर्थ नसतो. सर्वांत वाईट कामगिरीसाठी दिले जाणारे 'गोल्डन रॅस्पबेरी' पुरस्कार १९८१ मध्ये पहिल्यांदा दिले गेले, तेव्हा 'सर्वांत वाईट दिग्दर्शक' या गटाच्या नामांकनात 'द शायनिंग'साठी स्टॅन्ली कुब्रिक यांचं नाव होतं. आज भयपटांची कुठलीही यादी त्या चित्रपटाशिवाय पुरी होत नाही.

वर्ष मात्र नक्की बघा. जुना चित्रपट बघताना त्या काळी हातात काय होतं हे माहीत असलं की अर्धा हसण्याचा प्रसंग कौतुकाचा होतो. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झालेत अण्णा साळुंके, कारण भूमिका करायला एकही स्त्री मिळेना. चार वर्षांनी 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता दोन्ही भूमिका साळुंक्यांच्याच. हे कळल्यावर तुम्ही मिशा शोधत बसत नाही. एकच माणूस दोन देहबोली कशा सांभाळतो ते शोधता.

पहिली दहा मिनिटं

इथे मत बनवायचं नाही, फक्त नियम समजून घ्यायचे. हा चित्रपट घाईत आहे की निवांत? लोक रोजच्यासारखे बोलतात की नाटकातल्यासारखे? कॅमेरा माणसांच्या जवळ जातो की लांब उभा राहून बघतो? सुरुवातीलाच नायकाने एका ठोशात दहा जणांना उडवलं असेल तर चित्रपटाने तुम्हाला प्रामाणिकपणे सांगितलंय की इथे गुरुत्वाकर्षण ऐच्छिक आहे. मग तासाभराने गाडी इमारतीवरून उडाली तर तक्रार करायची नाही. तक्रार करायची ती चित्रपट स्वतःचाच नियम मोडतो तेव्हा.

मग एक धागा पकडा

ही सगळ्यात उपयोगी पायरी. सगळंच बघू गेलं तर काहीच दिसत नाही. चित्रपट रंगला असेल तर धागाबिगा विसरून त्यात वाहून जा, पण लक्ष सैल पडायला लागलं की लगेच एक विभाग निवडा आणि त्याच्या मागे लागा. कोणता निवडायचा, त्यात काय बघायचं, ते आता सांगतो.

संकलनापासून सुरुवात करा, कारण ते सगळ्यात कमी दिसतं. दोन माणसं बोलत असतानाचा कुठलाही प्रसंग घ्या आणि बघा, पडद्यावर चेहरा कोणाचा आहे: बोलणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा? वाक्य संपल्यावर कट झालाय की वाक्याच्या मधेच? चांगला संकलक बहुतेक वेळा ऐकणाऱ्याकडे आधी वळतो, कारण गोष्ट तिथे घडत असते. सुमार चित्रपटात जो बोलेल त्याचं तोंड, मग दुसरा बोलेल त्याचं तोंड, असा टेबलटेनिसचा सामना चालतो. मनातल्या मनात कट मोजून बघा. वेगवान मारधाडपटांत दोन-तीन सेकंदांचे शॉट नेहमीचे झालेत. त्यात एखादा शॉट वीस सेकंद टिकला तर समजा, दिग्दर्शकाला इथे काहीतरी दाखवायचंय.

आणि अभिनेत्याला शिव्या घालण्याआधी एक जुना प्रयोग आठवा. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि तोच तुकडा कधी सूपच्या थाळीशेजारी, कधी शवपेटीशेजारी, कधी एका बाईशेजारी जोडला. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात भूक, दुःख आणि आसक्ती दिसली. म्हणजे नटाचा अभिनय काही अंशी कातरीच्या टोकावर घडतो. एखादा नट दगडासारखा वाटला तर स्वतःला विचारा: तो खरंच दगड आहे, की त्याला चुकीच्या जागी डकवलंय? या एका प्रश्नावर रटाळ चित्रपटाचा अर्धा तास मजेत जातो.

ध्वनीसाठी एक सोपा प्रयोग. अर्धा-एक मिनिट डोळे मिटा. (अंधारात कोणाला कळत नाही.) काय काय ऐकू येतं? पावलं, कपड्यांची सळसळ, दाराची कडी, लांबची रहदारी. यातलं बरंचसं चित्रीकरणाच्या वेळचं नसतं. फोली कलाकार नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत ही पावलं प्रत्यक्ष चालून, वस्तू हाताळून तयार करतात. हाड मोडल्याचा आवाज सेलरी या पालेभाजीची दांडी मोडून आणि बर्फातली पावलं कॉर्नस्टार्चची पिशवी दाबून काढण्याची पद्धत जुनी आहे. भिकार मारामारीतही ठोशाचा आवाज ऐका: प्रत्येक ठोसा एकसारखा वाजतोय की कोणी कष्ट घेतलेत? किंचाळ्यांचंही तसंच. १९५१ मध्ये एका चित्रपटासाठी रेकॉर्ड केलेली एक किंचाळी, जिला 'विल्हेल्म' म्हणतात, ती ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांनी 'स्टार वॉर्स'मध्ये वापरली आणि तिथून ती एक खोडीच होऊन बसली. तेव्हापासून ती कितीतरी चित्रपटांत गुपचूप घुसवली गेलीय. एकदा ओळखू यायला लागली की टुकार साहसपटसुद्धा तिच्यासाठी कान देऊन बघितला जातो.

पार्श्वसंगीतात एकच गोष्ट तपासा: ते भावनेच्या आधी येतं की नंतर? पात्राच्या डोळ्यांत अजून काही दिसायच्या आत व्हायोलिन रडायला लागलं, तर दिग्दर्शकाचा स्वतःच्या प्रसंगावर विश्वास नाही. व्ही. शांताराम यांच्या १९३७ च्या 'कुंकू'त पार्श्वसंगीतच नाही. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेच काम करतात. दुसऱ्या टोकाला दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांचा 'सायको'. त्यातला न्हाणीघरातला खून हिचकॉकना आधी संगीताविना हवा होता. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी फक्त तंतुवाद्यांवर ती करकर रचली आणि हिचकॉकनी मत बदललं. संगीत असावं की नसावं हे दोन्हीकडे कोणीतरी विचार करून ठरवलंय. तुमच्या समोरच्या चित्रपटात ठरवलंय का, की रिकामी जागा दिसली म्हणून भरलीय?

प्रकाशाचं थोडक्यात: खोलीत दिवा कुठे आहे आणि चेहऱ्यावर उजेड कुठून पडतोय हे जुळतं का बघा. जुन्या आणि कमी खर्चाच्या चित्रपटांत रात्रीचे प्रसंग दिवसाच चित्रित करून निळसर, काळपट करत असत. जमिनीवर झाडांच्या कडक सावल्या दिसल्या की समजा, 'मध्यरात्री' ऊन होतं. जुन्या चित्रपटातल्या गाडीत बसलेला नायक सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वेड्यासारखं हलवत असेल तर गाडी स्टुडिओत उभी आहे आणि रस्ता मागच्या पडद्यावर धावतोय.

माझा आवडता धागा मात्र मागच्या माणसांचा. हॉटेलच्या प्रसंगात नायक-नायिकेकडे बघूच नका, मागच्या टेबलांकडे बघा. ती माणसं तोंड हलवताहेत पण आवाज काढत नाहीत, कारण पुढच्यांचे संवाद स्वच्छ रेकॉर्ड व्हायला हवेत. कोणी रिकामा कप असा उचलतो की त्यात काहीच नाही हे मनगटावरून कळतं. आणि एखादी बाई दोन सेकंदांच्या शॉटमध्ये अख्खं लग्न मोडत आल्यासारखी बसलेली असते. तिला संवाद नाही, श्रेयनामावलीत नाव नाही, पण ती काम करतेय. एकदा अशी माणसं दिसायला लागली की गर्दीचे प्रसंग कंटाळवाणे वाटेनासे होतात. चरित्र अभिनेत्यांचंही हेच. इन्स्पेक्टर, घरमालक, वकील, दूरचे काका करणारा एखादा नट हेरून ठेवा. नायक बदलतात, चित्रपट पडतात, आणि हा माणूस प्रत्येक ठिकाणी आपली चार मिनिटं चोख करून जातो.

वाईट चित्रपटांच्या जाती ओळखा

सगळे वाईट चित्रपट सारखे नसतात आणि एकाच पद्धतीने बघताही येत नाहीत. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

पहिली जात, मनापासून फसलेला. करणाऱ्याला कमालीची हौस, पैसा नाही, कौशल्य त्याहून कमी. याचा महामेरू म्हणजे एड वूड यांचा 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'. यातले प्रमुख आकर्षण बेला लुगोसी १९५६ मध्येच वारले. त्यांचं थोडंसं चित्रण हाताशी होतं, तेवढ्यावर वूडनी चित्रपट उभा केला आणि उरलेल्या प्रसंगांत दुसरा माणूस उभा केला. तो लुगोसींसारखा अजिबात दिसत नसल्यामुळे सगळीकडे तोंडावर झगा धरून फिरतो. स्मशानातले थडग्याचे दगड धक्का लागला की हलतात. एकाच प्रसंगात दिवस आणि रात्र आलटून पालटून येतात. १९८० मध्ये एका पुस्तकाने त्याला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवलं आणि तेव्हापासून तो लोक आवडीने बघू लागले. एड वूड यांच्यावर टिम बर्टन यांनी १९९४ मध्ये केलेल्या चित्रपटाला दोन ऑस्कर मिळाली. असा चित्रपट बघताना हसा, खुशाल हसा. पण त्यात एक गोष्ट शोधा: हे करणाऱ्याला काय दिसत होतं? त्याच्या डोक्यातला चित्रपट आणि पडद्यावरचा चित्रपट यांच्यातलं अंतर हीच इथली खरी करमणूक आहे.

दुसरी जात, हाव धरून फसलेला. पैसा आहे, बुद्धी आहे, पण तीन चित्रपटांचा ऐवज एकात कोंबलाय. कथा चार पिढ्यांची, पात्रं चाळीस, आणि शेवटी विश्वाच्या उत्पत्तीबद्दल भाषण. अशा चित्रपटात सुटे प्रसंग बघायचे. अखंड गोष्ट शोधाल तर दमाल. त्याऐवजी प्रत्येक प्रसंग लघुपट समजून बघा. यात बहुधा एक-दोन प्रसंग असे निघतात की चांगल्या चित्रपटांतही सापडू नयेत, कारण सावध दिग्दर्शक तिथवर जातच नाही. मला विचाराल तर सुबक मध्यम चित्रपटापेक्षा ही जात केव्हाही बरी.

तिसरी, अर्धी चांगली. मध्यंतरापर्यंत झकास आणि नंतर कोणीतरी दुसऱ्यानेच लिहिल्यासारखी. इथे नेमकं कुठे पाणी शिरलं ती जागा शोधा. बहुतेक वेळा ती मध्यंतरानंतर नसतेच, पूर्वार्धातच असते: लेखकाने एक सुटायला कठीण गाठ मारलेली असते आणि ती सोडवायची कशी हे त्याला तेव्हाही माहीत नसतं.

चौथी जात अवघड. मन न लावता केलेला चित्रपट. चुका नाहीत, हसू येत नाही, राग येत नाही. मागच्या यशस्वी चित्रपटाचा साचा घेऊन ओतलेला. यात मनापासून फसल्याची गंमत नाही आणि जमल्याचं समाधानही नाही. यासाठी दोन उपाय. एक, वर सांगितलेले धागे; कारण दिग्दर्शकाने मन लावलं नसलं तरी वेशभूषाकाराने किंवा साहसदृश्यं करणाऱ्यांनी लावलेलं असू शकतं. दोन, अडचणी हुडकणे. चित्रपट बनताना काय बिनसलं याच्या खुणा पडद्यावर राहतातच. दोन मोठे नट एका चौकटीत कधीच एकत्र दिसत नाहीत, नेहमी एकाच्या खांद्यावरून दुसरा? बहुधा ते एका दिवशी हजरच नव्हते. खांदा कोणाचा आहे ते बघा. एकाच प्रसंगात नायकाचे केस आधी लांब, मग आखूड, मग विगसारखे? काही भाग नंतर पुन्हा चित्रित झालाय. महत्त्वाची माहिती देणारं वाक्य बोलताना पात्र पाठमोरं आहे? ते वाक्य बहुतेक डबिंगच्या वेळी घुसवलंय, कारण कथा कोणालाच कळत नव्हती.

अडचणीने प्रत्येक वेळी नुकसानच होतं असंही नाही. १९७५ च्या 'जॉज'मधला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सतत बिघडायचा. नाइलाजाने स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी शार्क न दाखवताच तो असल्याची जाणीव करून दिली: पाण्याच्या पातळीवरचा कॅमेरा, तरंगणारी पिंपं, संगीतकार जॉन विल्यम्स यांचे ते दोन सूर. पहिला तासभर तो मासा जवळजवळ दिसतच नाही, आणि भीती त्याचीच वाटते. संकलक व्हर्ना फील्ड्स यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. म्हणून एखाद्या ठिकाणी काहीतरी 'दाखवलं नाही' असं जाणवलं तर थांबून विचार करा, ही युक्ती आहे की मजबुरी.

पाचवी जात विखारी. एखाद्या समाजाची, बायकांची, दुबळ्यांची टवाळी हाच ज्याचा माल आहे तो चित्रपट. यातही काहीतरी आवडून घ्यायचा खटाटोप करू नका. तांत्रिक सफाई शोधून त्याला माफ करणं ही रसिकता नव्हे.

दुरुस्तीचा खेळ

वाईट चित्रपट सहन करायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे तो मनातल्या मनात दुरुस्त करणं. नियम कडक ठेवा, नाहीतर मजा नाही. नट बदलायचे नाहीत, पैसे वाढवायचे नाहीत, नवं काही चित्रित करायचं नाही. जे चित्रित झालंय त्यातूनच फक्त एक बदल करून चित्रपट सुधारायचा.

पहिली पंधरा मिनिटं सरळ काढून टाकली तर? कितीतरी चित्रपट खरे तिथूनच सुरू होतात. खलनायक कोण हे वीस मिनिटं आधी कळलं असतं तर? निवेदनाचा आवाज बंद केला तर? हा शेवटचा बदल काही कल्पनाविलास नाही. 'ब्लेड रनर' १९८२ मध्ये आला तेव्हा त्यात नायकाचं निवेदन आणि गोड शेवट होता; १९९२ च्या आवृत्तीत दोन्ही काढले आणि चित्रपटाचा नूरच पालटला. घरी बघत असाल तर आवाज बंद करून पाच मिनिटं बघून तुम्हीही अंदाज घेऊ शकता: संवादांशिवाय प्रसंग जास्त चांगला वाटतोय का? बऱ्याच वेळा वाटतो, आणि मग दोष संवादलेखकाचा हे नक्की होतं.

हा खेळ खेळताना एक लक्षात येतं. दुरुस्ती सुचवणं सोपं, पण एक धागा ओढला की दुसरीकडे उसवतं. पहिली पंधरा मिनिटं काढली तर नायकाची बहीण कोण हेच कळणार नाही. तेव्हा पटकथाकाराबद्दल थोडी सहानुभूती वाटायला लागते, आणि पुढचा चित्रपट बघताना नजर जरा तयार झालेली असते.

चांगल्या चित्रपटांचाही त्रास असतो

हे विचित्र वाटेल, पण चांगला चित्रपट उपभोगणं काही वेळा जास्त कठीण जातं. वाईट चित्रपटासमोर आपण मोकळे असतो. नावाजलेल्या चित्रपटासमोर ताठ बसतो, परीक्षेला बसल्यासारखे.

पहिलं काम म्हणजे तो आदर उतरवून ठेवायचा. ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाची सर्वोत्तम चित्रपटांची मतचाचणी दर दहा वर्षांनी होते. १९६२ पासून सलग पाच वेळा पहिला आलेला 'सिटिझन केन' २०१२ मध्ये 'व्हर्टिगो'ने खाली ओढला, आणि २०२२ मध्ये शांताल आकरमान यांच्या 'जान डीलमान'ने 'व्हर्टिगो'लाही मागे टाकलं. 'व्हर्टिगो' १९५८ मध्ये आला तेव्हा त्याचं स्वागत यथातथाच झालं होतं. सर्वोत्तमाची खुर्चीही अशी सरकत असेल तर तुम्हाला एखादा अभिजात चित्रपट कंटाळवाणा वाटला म्हणून ओशाळायचं कारण नाही.

पण कंटाळा आला म्हणजे लगेच सोडूनही देऊ नका. 'जान डीलमान' हेच उदाहरण घेऊ. तीन तास वीस मिनिटांच्या वर लांबी. एक बाई भाजी सोलते, भांडी घासते, अंथरूण आवरते, आणि कॅमेरा हलत नाही. गोष्ट शोधत बसलात तर वेड लागेल. तिची पद्धत पाठ करा: दिवा कधी बंद करते, झाकण कुठे ठेवते. मग दुसऱ्या दिवशी तिच्या हातून बटाटे जास्त शिजतात आणि तुम्ही खुर्चीत सावरून बसता. संथ चित्रपटांची ही किल्ली आहे. काय होतंय हे सोडा, कालच्यापेक्षा आज काय वेगळं होतंय ते बघा. वेळ अंगावर येतो तो मुद्दाम आणलेला असतो.

वेगवान चांगल्या चित्रपटाचा प्रश्न उलटा. तो इतका खेचून नेतो की काही दिसतच नाही. त्यासाठी दुसऱ्यांदा बघणं एवढाच उपाय. पहिल्या वेळी सरळ मजा घ्या, वहीबिही काही नको. दुसऱ्या वेळी शेवट माहीत असतो, म्हणून लबाडी दिसते: लेखकाने तुमच्यासमोर सत्य केव्हा ठेवलं होतं आणि त्याच क्षणी तुमचं लक्ष दुसरीकडे कशाने वळवलं. रहस्यपट तर दुसऱ्यांदाच बघायचे असतात असं माझं मत आहे. दुसऱ्यांदा बघून जो कोसळतो तो रहस्यपट नव्हता, नुसता धक्का होता.

चांगल्या चित्रपटातली कच्ची जागा शोधायलाही संकोच करू नका. ती सापडली म्हणून चित्रपट लहान होत नाही. उलट, इतकं सगळं जमलेलं असताना इथे का निसटलं असेल, हा विचार त्याच्या जास्त जवळ नेतो.

सोबत कोणाची

मनापासून फसलेला चित्रपट चारचौघांत बघावा, संथ चित्रपट एकट्याने किंवा गप्प बसणाऱ्यासोबत. भयपटाला भित्रा मित्र हवाच. शेरेबाजी घरी चालते. चित्रपटगृहात तुमचे विनोद ऐकायला कोणी तिकीट काढलेलं नसतं. आणि सोबतच्याला चित्रपट मनापासून आवडतोय असं दिसलं तर दुरुस्तीचा खेळ मनातच ठेवा.

बघून झाल्यावर

लगेच परीक्षणं वाचू नका. एकदा दुसऱ्याचं नेमकं वाक्य वाचलं की आपलं अर्धवट जाणवलेलं पुसलं जातं. आधी तीन गोष्टी टिपून ठेवा: लक्षात राहिलेली एक चौकट, एक आवाज किंवा संवाद, आणि एक असा निर्णय जो तुम्ही वेगळा घेतला असता. 'आवडला' किंवा 'नाही आवडला' लिहायचंच नाही. वाईटात वाईट चित्रपटासाठीही या तीन ओळी भरल्या पाहिजेत असा नियम ठेवला की बघतानाच डोळे शोधायला लागतात. चौकट आठवत नसेल तर आवाज तरी आठवतोच.

श्रेयनामावलीतलं एखादं नावही टिपा, दिग्दर्शकाचं आणि नटांचं सोडून. कपडे आवडले तर वेशभूषाकाराचं, घर खरं वाटलं तर कलादिग्दर्शकाचं. पुढचा चित्रपट त्या नावावरून निवडून बघा. नटाच्या मागे लागून चित्रपट बघणाऱ्याला पडेल चित्रपट फार लागतात; छायाचित्रकाराच्या मागे लागणाऱ्याला, निदान बघायला, नेहमी काहीतरी मिळतं.

उठून कधी जायचं

सगळ्यातून काहीतरी मिळवायलाच हवं असा हट्ट नको. विखारी चित्रपटातून केव्हाही उठा. तब्येत बरी नसेल, झोप येत असेल तर उठा. तशा अवस्थेत बघितलेल्या चित्रपटाबद्दल बोलायचा हक्क मात्र सोडून द्या. बाकीच्यांसाठी माझा ठोकताळा असा: एकामागून एक तीन धागे धरून पाहिले आणि तिन्हींत कोणी काही करू बघतंय असं दिसलं नाही, तर थांबण्यात अर्थ नाही. हे साधारण मध्यंतराच्या सुमारास कळतं, म्हणून सोयही होते.

घरी बघत असाल तर कितव्या मिनिटाला बंद केला ते लिहून ठेवा. काही वर्षांनी पुन्हा लावलात तर तिथूनच पुढे बघता येईल, आणि तुम्ही बदललात की तेव्हाचं चित्रपटाबद्दलचं मत चुकलं होतं हेही कळेल. चित्रपटगृहात असाल आणि सोबतच्याला शेवटपर्यंत बघायचा असेल, तर त्याला ओढून बाहेर काढू नका. बाहेर जाऊन बसा. आणि तो बाहेर आला की "कसा होता" असं विचारू नका, "शेवटी त्या बहिणीचं काय झालं" असं विचारा.